बर्फातला ट्रेक आणि हायपोथर्मिया: सोबत्याचे शरीर गारठते आहे हे कसे ओळखावे?

थोडक्यात

शरीराच्या आतल्या भागाचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. यात मेंदूचे काम मंदावते. त्यामुळे ज्याला त्रास होतो आहे, त्याला स्वतःला तो अनेकदा कळत नाही. बर्फातल्या ट्रेकवर हा त्रास पहिल्यांदा ओळखणारी व्यक्ती डॉक्टर नसते, तर शेजारून चालणारा मित्र असतो. वेळीच ओळखले तर कोरडे कपडे, आडोसा आणि गोड पेय एवढ्यावरही रुग्ण सावरू शकतो. उशीर झाला तर जिवावर बेतू शकते.

हा त्रास कोठे होतो?

हिवाळ्यात महाराष्ट्रातून अनेक गट उत्तराखंडमधील केदारकंठासारख्या ट्रेकला जातात. या शिखराची उंची सुमारे ३,८०० मीटर आहे. पायथ्याचे सांक्री गाव साधारण १,९५० मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याहूनही उंच. दर हजार मीटर चढल्यावर हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून सांक्रीपेक्षा शिखरावर साधारण १२ अंश अधिक थंडी असते. शिखराची चढाई बहुधा पहाटेच्या अंधारात सुरू होते आणि माथ्यावर वारा असतो. सह्याद्रीत वर्षानुवर्षे ट्रेक करणाऱ्यांनाही या थंडीचा अंदाज येतोच असे नाही.

शरीर गारठण्याची कारणे

- ओले कपडे: चढताना घाम येतो, बर्फ बुटात शिरून वितळतो. ओल्या कपड्यांतून शरीराची उष्णता फार वेगाने बाहेर जाते. सुती बनियन आणि जीन्स लवकर वाळत नाहीत.
- वारा: अंगाभोवतीची उबदार हवा वारा सतत उडवून नेतो.
- थकवा आणि उपाशीपोटी चालणे: कुडकुडण्यासाठी स्नायूंना साखर लागते. ती संपत आली की उष्णता तयार होणे कमी होते.
- थांबणे: घाम आलेला असताना फोटोसाठी किंवा मागे राहिलेल्यांची वाट पाहत उभे राहिले की अंग झपाट्याने गार पडते.

लक्षणे

*सुरुवातीची (तापमान साधारण ३२ ते ३५ अंश):*
- जोरात कुडकुडणे, हातपाय गार पडणे
- चेन लावणे, बुटाची नाडी बांधणे अशी साधी कामे न जमणे
- अडखळत चालणे, जीभ जड होणे
- चिडचिड, किंवा बोलक्या माणसाने एकदम गप्प होणे

*गंभीर (३२ अंशांच्या खाली):*
- कुडकुडणे कमी होणे किंवा थांबणे
- गोंधळ, असंबद्ध बोलणे, खूप झोप येणे
- थंडीतच अंगावरचे कपडे काढू लागणे
- नाडी आणि श्वास मंद होणे, शुद्ध हरपणे

कुडकुडणे थांबले आणि माणूस सुस्त दिसू लागला, तर त्याला बरे वाटते आहे असे समजू नका. शरीराची उष्णता निर्माण करण्याची ताकद संपत आल्याची ती खूण आहे. घरगुती थर्मामीटरवर इतके कमी तापमान नीट मोजता येत नाही. म्हणून लक्षणांवरच निर्णय घ्या.

थंडी की विरळ हवेचा त्रास?

३,८०० मीटरवर समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ६३ टक्केच प्राणवायू मिळतो. डोकेदुखी, मळमळ आणि थकवा हे विरळ हवेच्या त्रासाचे लक्षण असू शकते. त्यातून मेंदूला सूज आली तर माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो आणि गोंधळतो. ही लक्षणे हायपोथर्मियासारखीच दिसतात, आणि कधी दोन्ही त्रास एकत्रही असतात.

शंका आल्यास एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत, सपाट जागेवर सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. तोल जात असेल तर कारण कोणतेही असो, त्या व्यक्तीची चढाई तिथेच संपली. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला किंवा गुलाबी फेस ही फुप्फुसात पाणी झाल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी ताबडतोब खाली उतरवणे आवश्यक असते.

लगेच काय करावे?

१. वाऱ्यापासून आडोशाला न्या. बर्फावर थेट बसवू नका. खाली मॅट किंवा सॅक ठेवा.
२. ओले कपडे बदलून कोरडे घाला. डोके आणि मान झाका. स्लीपिंग बॅग असल्यास त्यात ठेवा.
३. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर कोमट गोड पेय, गूळ, चिक्की किंवा चॉकलेट द्या.
४. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून छातीला आणि काखेत लावा.
५. सौम्य त्रास असल्यास निदान अर्धा तास चालवू नका. सावरल्यावर सोबत घेऊन सावकाश खाली उतरा.
६. कुडकुडणे थांबले असेल किंवा गोंधळ असेल तर चालवू नका, तोंडाने काही देऊ नका. आडवे ठेवून, धक्का न देता हलवा. गाइडमार्फत किंवा ११२ वर मदत मागवा.

श्वास थांबला आहे असे वाटल्यास पूर्ण एक मिनिट श्वास आणि नाडी तपासा. दोन्ही नसल्यास छातीवर दाब देणे सुरू करा आणि आशा लवकर सोडू नका. १९९९ साली नॉर्वेमध्ये बर्फाखालच्या पाण्यात अडकलेल्या एका महिलेचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. उपचारांनंतर ती वाचली.

काय करू नये?

- दारू देऊ नका. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने ऊब वाटते, पण उष्णता अधिकच बाहेर जाते.
- हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका. बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही.
- हिमदंशाने पांढरा, कडक झालेला भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तिथे शेकून वितळवू नका.
- त्रास होणाऱ्याला 'तू इथेच थांब, आम्ही माथ्यावर जाऊन येतो' असे सांगून एकटे सोडू नका.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

हृदयविकार, दमा, मधुमेह, थायरॉइड कमी असणे, गरोदरपण, तसेच बीटा ब्लॉकर किंवा झोपेच्या गोळ्या चालू असल्यास जाण्यापूर्वी तपासणी करून घ्या. इन्सुलिन गोठले की वापरता येत नाही. ते सॅकमध्ये न ठेवता अंगाजवळच्या खिशात ठेवा. थंडीत ग्लुकोमीटरही चुकीचे आकडे दाखवू शकतो. विरळ हवेसाठीची अ‍ॅसिटाझोलामाइड गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

ट्रेकपूर्वी ठरवून ठेवा

- जोड्या करा. प्रत्येकाने थांब्यावर आपल्या जोडीदाराचे बोलणे, चाल आणि हात पाहावेत.
- घाम येण्याआधी एक थर कमी करा, थांबताच जॅकेट घाला. मोजे आणि हातमोज्यांचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.
- माथ्यावरून परत फिरण्याची वेळ आधीच ठरवा. एक जण परतला तर त्याच्यासोबत कोण उतरणार, हेही ठरवा.

रुग्णालयात कधी न्यावे?

गोंधळ, शुद्ध हरपणे, कुडकुडणे थांबणे, विश्रांतीतही धाप, किंवा ऊब मिळूनही बोटे पांढरी, काळपट वा बधिर राहणे, यांपैकी काहीही असल्यास तातडीने न्या. सांक्रीहून देहरादून सुमारे २०० किलोमीटर आहे आणि रस्ता घाटाचा आहे. म्हणून खाली उतरण्याचा निर्णय लक्षणे सौम्य असतानाच घ्या.