अमेरिकेत रायफल मिळते कशी, अडते कुठे?

अमेरिकेत एखाद्या शाळेत वा प्रार्थनास्थळात गोळीबार झाला की 'खरेदीपूर्व तपासणी कडक करा' ही मागणी पुढे येते आणि तितक्याच तत्परतेने तिला विरोधही होतो. ही तपासणी नेमकी काय असते, ती कोण करते आणि तिच्यातून काय निसटते, हे ठाऊक नसेल तर या वादातील निम्म्या गोष्टी अनाकलनीय वाटतात.

रायफल घेऊ इच्छिणारा ग्राहक परवानाधारक दुकानात जातो, छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र दाखवतो आणि 'फॉर्म ४४७३' हा अर्ज भरतो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय, अटक वॉरंट निघाले आहे काय, अमली पदार्थांचे सेवन करता काय, न्यायालयाने मनोरुग्ण ठरवले आहे काय, कौटुंबिक हिंसाचाराबद्दल शिक्षा वा मनाई हुकूम आहे काय, असे प्रश्न त्यात असतात. दुकानदार ही माहिती दूरध्वनीने किंवा संगणकावरून एफबीआयला वा काही ठिकाणी राज्याच्या यंत्रणेला कळवतो. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील क्लार्क्सबर्ग येथे या 'नॅशनल इन्स्टंट क्रिमिनल बॅकग्राऊंड चेक सिस्टीम'चे, म्हणजेच 'निक्स'चे, केंद्र आहे. तेथे अर्जदाराचे नाव निरनिराळ्या नोंदींशी ताडून पाहिले जाते. बहुतेक अर्जांवर काही मिनिटांतच 'विक्री करावी' असे उत्तर येते.

या अर्जात 'तुम्हाला रायफल कशासाठी हवी आहे?' हा प्रश्न कोठेही नाही. भारतातील शस्त्रपरवान्याची पद्धत ठाऊक असलेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार आपल्याकडे अर्जदाराने गरज पटवून द्यायची असते. पोलिसांचा अहवाल येतो आणि परवाना द्यायचा की नाही हे जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरवतात. निवडणुका जाहीर झाल्या की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, हेही ग्रामीण महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. अमेरिकेत मात्र १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे शस्त्र बाळगणे हा हक्क ठरतो. कारण सांगायचेच असेल तर ते नकार देणाऱ्या सरकारने सांगायचे, अशी तेथील धारणा आहे. ही घटनादुरुस्ती व्यक्तीचा हक्क सांगते की राज्यांच्या नागरी सेनेचा, यावर दोन शतके काथ्याकूट झाला. २००८ साली 'हेलर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचाच हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

टपालाने आलेली रायफल

अध्यक्ष केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ज्या रायफलीने हत्या झाली, ती ली हार्वे ओस्वाल्ड याने शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने टपालाद्वारे मागवली होती. दुर्बिणीसह तिची किंमत होती २० डॉलरपेक्षा पाच सेंट कमी. जाहिरात ज्या नियतकालिकात आली होती, ते 'नॅशनल रायफल असोसिएशन'चेच मुखपत्र होते, हा या इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. तरीही टपालविक्रीवर बंदी यायला पाच वर्षे लागली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि त्याच वर्षी जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचा बळी गेल्यानंतरच 'गन कंट्रोल अ‍ॅक्ट' संमत झाला. टपालाने आंतरराज्य विक्री थांबली, बंदूक बाळगण्यास अपात्र व्यक्तींचे वर्ग ठरले आणि 'फॉर्म ४४७३' अस्तित्वात आला. मात्र अर्जातील उत्तरे खरी की खोटी, हे पाहण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. ग्राहकाने 'नाही' लिहिले की दुकानदाराने ते मान्य करायचे.

याच कायद्याने वयाची दुहेरी अट घातली. दुकानातून पिस्तूल घ्यायला एकवीस वर्षे, रायफल किंवा शॉटगनला मात्र अठराच. त्यामागचा तर्क त्या काळाला धरून होता. पिस्तूल हे गुन्हेगाराचे शस्त्र, खिशात लपणारे. रायफल शेतकऱ्याची आणि शिकाऱ्याची, हरणाच्या मोसमात भिंतीवरून उतरणारी. या समजुतीचा ठसा तेथील संघराज्याच्या कायद्यावर आजही आहे, पण दरम्यान रायफलच बदलली.

एआर-१५

'एआर' ही अक्षरे 'असॉल्ट रायफल'साठी आहेत, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात ती 'आर्मालाइट' या कंपनीच्या नावातून आली. या कंपनीत यूजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात हलकी रायफल विकसित केली, तिचे हक्क १९५९ साली 'कोल्ट'ने घेतले आणि व्हिएतनामच्या युद्धात तीच 'एम-१६' म्हणून गाजली. तिची नागरी आवृत्ती १९६४ पासून विक्रीला आली. फरक महत्त्वाचा आहे. लष्करी रायफलीत चाप दाबून धरला की गोळ्यांची फैर सुटते, तर नागरी आवृत्तीत चाप एकदा ओढला की एकच गोळी. पुढची गोळी मात्र आपोआप नळीत चढते, त्यामुळे बोट जितके चपळ तितका माऱ्याचा वेग अधिक. तीस गोळ्यांचे मॅगझिन सर्रास मिळते. खरी मशीनगन १९३४ पासून नोंदणी आणि कराच्या कचाट्यात आहे आणि मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये अशा रायफलींच्या नव्या उत्पादनावर आणि दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवर दहा वर्षांसाठी बंदी आली. पण तिची व्याख्या शस्त्राच्या माऱ्यापेक्षा बाह्य रूपावर बेतलेली होती. घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावण्याची खाच यांपैकी दोन गोष्टी असल्या तर बंदी, एकच असली तर मोकळीक. कारखानदारांनी संगिनीची खाच काढली आणि तीच रायफल पुन्हा बाजारात आणली. आधीची शस्त्रे व मॅगझिन तर कायदेशीरच राहिली. १३ सप्टेंबर २००४ रोजी बंदीची मुदत संपली आणि काँग्रेसने ती वाढवली नाही.

बंदीच्या विरोधकांकडे एक आकडा असतो आणि तो खोटा नाही. एफबीआयच्या २०१९च्या तक्त्यात बंदुकीने झालेल्या १०,२५८ खुनांपैकी ६,३६८ पिस्तुलाने, तर केवळ ३६४ रायफलीने झाल्याची नोंद आहे. तीन हजारांहून अधिक प्रकरणांत शस्त्राचा प्रकार नमूद नाही. २०२१ साली बंदुकीमुळे झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. म्हणजे सर्व रायफली उद्या नाहीशा झाल्या तरी मृत्यूंच्या एकूण संख्येत फारसा फरक पडणार नाही. परंतु हाच आकडा पुढे करून वाद मिटत नाही. न्यूटाऊनच्या सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी सहा-सात वर्षांची वीस मुले आणि सहा मोठी माणसे काही मिनिटांत मारली गेली, ती या जातीच्या रायफलीनेच. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास व्हेगासच्या हॉटेलातून झालेल्या गोळीबाराने साठ बळी घेतले, तेथेही अशाच रायफली होत्या. रायफलीचा प्रश्न एकूण संख्येचा नसून एकाच माणसाकडून एकाच वेळी होणाऱ्या संहाराचा आहे.

कागद पोहोचला नाही तर

अर्जातील उत्तरे तपासण्याची व्यवस्था आली ती 'ब्रॅडी' कायद्याने. अध्यक्ष रेगन यांच्यावर मार्च १९८१ मध्ये झालेल्या हल्ल्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा १९९३ साली संमत झाला, आधी पिस्तुलांसाठी पाच दिवसांची प्रतीक्षा आली आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून 'निक्स' सुरू होऊन रायफलीही तपासणीच्या कक्षेत आल्या.

या यंत्रणेचे बलस्थान आणि वर्म एकच, ते म्हणजे तिच्याकडे आलेली नोंद. नोंद आली नाही तर यंत्रणेच्या लेखी माणूस निष्कलंक. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जण ठार झाले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी आणि भारतीय वंशाचे एक प्राध्यापक होते. हल्लेखोर विद्यार्थी स्वतःस धोकादायक असल्याचे न्यायाधिकाऱ्याने २००५ मध्येच म्हटले होते. पण त्याला रुग्णालयात दाखल न करता बाहेरून उपचार घेण्यास सांगण्यात आले असल्याने ही नोंद राज्याकडून पुढे गेली नाही आणि दोन्ही पिस्तुलांना मंजुरी मिळाली. त्यानंतर २००८च्या जानेवारीत राज्यांना नोंदी पाठवण्यास उद्युक्त करणारा कायदा झाला.

त्याने प्रश्न सुटला नाही. टेक्सासच्या सदरलँड स्प्रिंग्ज येथील चर्चमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये २६ बळी घेणाऱ्या माजी हवाई दल कर्मचाऱ्याला पत्नी व सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली होती. हवाई दलाने ती एफबीआयला कळवलीच नाही. तो दुकानात गेला, अर्ज भरला आणि रायफल घेऊन बाहेर पडला. या निष्काळजीपणाची भरपाई म्हणून सरकारने २०२३ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांशी १४ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

दुसरे वर्म मुदतीचे. कामकाजाच्या तीन दिवसांत एफबीआयचे निश्चित उत्तर आले नाही तर दुकानदाराला विक्री करण्याची मुभा आहे. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये २०१५ साली नऊ जणांना मारणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळाले ते असेच. त्याच्या अटकेचा कागद कोणत्या पोलीस खात्याकडे आहे, याचा शोध चालू असतानाच मुदत उलटली. या मुदतीचे समर्थकही आहेत आणि त्यांचा मुद्दा अगदीच फेटाळण्याजोगा नाही. मुदतच नसेल तर सरकारने नुसते उत्तर न देऊनच नागरिकाचा हक्क हिरावून घ्यावा, असे होईल.

तिसरी फट सर्वांत रुंद. तपासणीचे बंधन परवानाधारक विक्रेत्यावर आहे. एका खासगी माणसाने दुसऱ्याला आपली रायफल विकली तर संघराज्याचा कायदा तपासणी मागत नाही. टेक्सासमधील मिडलँड-ओडेसा परिसरात ऑगस्ट २०१९ मध्ये सात जणांना मारणारा माणूस २०१४ साली दुकानातील तपासणीत नापास झाला होता. पुढे त्याने रायफल घेतली ती खासगी विक्रीतून. सँडी हूकनंतर एप्रिल २०१३ मध्ये ही फट अंशतः बुजवणारा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. त्याला ५४ मते पडली, गरज साठांची होती. सर्व विक्रींवर तपासणी असावी, असे जनमत चाचण्यांत दहापैकी आठांहून अधिक अमेरिकन सांगत आले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सहा मतांचे मोल कळते.

नोंदवहीचे भय

विरोधाचे मूळ केवळ शस्त्रउद्योगाच्या पैशात शोधणे सोपे असले तरी अपुरे आहे. सर्व विक्रींची तपासणी म्हणजे सर्व बंदुकांची नोंद, आणि नोंद म्हणजे उद्याच्या जप्तीची यादी, ही भीती ग्रामीण अमेरिकेत मनापासून बाळगली जाते. जेथे पोलिसांची गाडी यायला तास लागतो, तेथे रायफल हे घरातले अवजार असते. या भीतीपोटी कायद्याने अजब बंधने घातली आहेत. बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही ठेवण्यास १९८६ पासून मनाई आहे. 'निक्स'ने मंजूर केलेल्या खरेदीचा ओळख पटवणारा तपशील २४ तासांत नष्ट करावा लागतो. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढणारे केंद्र वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे आहे. बंद पडलेल्या दुकानांचे कोट्यवधी कागद तेथे येतात, त्यांची छायाचित्रे घेतली जातात, पण मालकाच्या नावाने शोध घेता येईल अशी संगणकीय यादी करता येत नाही. कर्मचारी एकेक पान डोळ्यांनी चाळतात.

नोकरीसाठी तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही हे नियम लागू होतात. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला सर्वसाधारणपणे बंदूक घेता येत नाही, मात्र वैध शिकार परवाना असल्यास अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकाला हे बंधन नाही.

टेक्सासच्या युवाल्डी येथे २४ मे २०२२ रोजी शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोराने अठरावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच दोन रायफली कायदेशीर मार्गाने घेतल्या होत्या. तपासणीत सापडण्यासारखे काही नव्हतेच. महिनाभरात जवळपास तीन दशकांनंतरचा पहिला मोठा कायदा झाला. एकवीस वर्षांखालील ग्राहकाची बालवयातील नोंद पाहण्यास दहा कामकाजी दिवसांपर्यंत अवधी मिळाला आणि दुसऱ्यासाठी बंदूक विकत घेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. वयाची अट मात्र अठराच राहिली.

त्याच आठवड्यात 'ब्रुएन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रविषयक निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असले पाहिजेत, अशी नवी कसोटी घालून दिली आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय आदी राज्यांतील रायफलबंदीविरुद्धच्या खटल्यांना बळ आले. सँडी हूकनंतर मेरिलँडने २०१३ मध्ये केलेली बंदी संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये उचलून धरली. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. मात्र हा प्रश्न न्यायालयाने लवकरच हाताळायला हवा, असे न्या. कॅव्हानॉ यांनी नमूद केले. मेरिलँडची सीमा ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेल्यास तीच रायफल दुकानाच्या काचेमागे दिसते. त्या राज्यात खासगी विक्रीतील पिस्तुलासाठी तपासणी सक्तीची आहे, रायफलीसाठी नाही.