मक्याच्या शेतातून ड्रॅग स्ट्रिपवर

२०२३ साली डॉज कंपनीने ‘चॅलेंजर डीमन १७०’ ही गाडी आणली. दहा टक्के इथेनॉलच्या साध्या ई-१० पेट्रोलवर तिचे इंजिन ९०० अश्वशक्ती देते. टाकीत ई-८५ भरले की १,०२५. पाव मैलाची ड्रॅग शर्यत तिने ८.९१ सेकंदांत पुरी केली. हे बळ देणारे ८५ टक्के इथेनॉलचे इंधन मात्र शर्यतीसाठी जन्माला आलेलेच नाही.

अल्कोहोलवर इंजिन चालवण्याची कल्पना सॅम्युअल मोरीच्या १८२६ च्या इंजिनाइतकी जुनी. पण पुढे स्वस्त पेट्रोलने अल्कोहोलला मागे सारले आणि १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसे मिसळून नॉकिंगही, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनाला बसणारे ठोकेही, आटोक्यात आले. शर्यतींच्या जगात मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनची चलती राहिली.

१९७३ च्या तेलसंकटाने चित्र पालटले. १९८८ च्या अमेरिकी कायद्याने पर्यायी इंधनावर चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना मायलेजच्या नियमांत सवलत दिली. १९९२ च्या कायद्याने ८५ टक्के इथेनॉलला पर्यायी इंधनाचा दर्जा दिला. तिथे इथेनॉल मक्यापासून बनते, म्हणून मका पिकवणाऱ्या मिनेसोटासारख्या राज्यांत ई-८५ चे पंप उभे राहिले.

इंजिनात दाबाने जास्त हवा भरणाऱ्या टर्बोवाल्यांनी या इंधनाचे खरे मोल ओळखले. इथेनॉलचे बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते. आत जाणारी हवा थंड होते, नॉकिंग टळते आणि बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवता येतो. शिवाय रेसिंग पेट्रोलपेक्षा ते बरेच स्वस्त. पण या फायद्याची किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, ई-८५ ला सुमारे ९.८ किलोच. म्हणजे तेवढ्याच हवेला दीडपट इंधन हवे. इंजेक्टर आणि फ्युएल पंप त्या ताकदीचे नसतील, तर मिश्रणात इंधन कमी पडून पिस्टन जळतो.

त्यात अमेरिकी पंपावरचे ई-८५ नेमके ८५ टक्के नसते. ऋतूप्रमाणे इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान बदलते. म्हणून इंजिन जुळवून देणारा ट्यूनर खुणांच्या नळीत आधी पाणी, मग इंधन ओततो आणि जोरात हलवतो. इथेनॉल पाण्यात उतरते, पेट्रोल वर तरंगते. दोघांमधली रेघ किती वर सरकली, त्यावरून टक्केवारी कळते. अनेक गाड्यांत आता हेच काम सेन्सर करतो आणि इंजिनाचा संगणक त्याप्रमाणे इंधन बेततो.

आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यामुळे पुढे जाऊन ई-८५ वापरण्याचा मोह इथेही होईल. पण इंजेक्टर, पंप, रबरी नळ्या आणि ट्यूनिंग बदलल्याशिवाय साध्या पेट्रोल गाडीत ई-८५ भरू नये.