युंगफ्राऊ

स्वित्झर्लंडच्या बर्नीज आल्प्समधील एक प्रसिद्ध शिखर. उंची ४,१५८ मी. बर्न व व्हॅले या कँटनांच्या सीमेवर असलेल्या या शिखराच्या ईशान्येस म्यूंख व आयगर ही शिखरे आहेत. उत्तरेकडील कडे लाउटरब्रूनेनच्या खोऱ्याकडे तीव्र उताराने उतरतात, तर दक्षिणेस आल्प्समधील सर्वांत मोठी आलेच हिमनदी पसरलेली आहे. ‘युंगफ्राऊ’ या जर्मन शब्दाचा अर्थ ‘कुमारी’ असा आहे.

शिखरावरील पहिली यशस्वी चढाई ३ ऑगस्ट १८११ रोजी झाली. आराउ येथील योहान रूडोल्फ व हिएरोनिमस या मायर बंधूंनी व्हॅलेमधील दोन शिकाऱ्यांच्या साहाय्याने ती दक्षिणेकडील हिमप्रदेशातून केली. तीविषयी शंका घेतल्या गेल्याने पुढील वर्षी याच कुटुंबातील गॉटलीब मायर यांनी पुन्हा शिखर गाठले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पर्यटन वाढले, तसा शिखरापर्यंत रेल्वे नेण्याचा विचार बळावला. १८८९-९० मध्ये मोरीस केक्लँ, ट्राउटवाइलर व लोखर यांनी लाउटरब्रूनेनच्या खोऱ्यातून मार्ग नेण्याच्या योजना मांडल्या; परंतु त्या प्रत्यक्षात आल्या नाहीत. झुरिक कँटनमधील उद्योगपती आडोल्फ गायर-त्सेलर यांनी १८९३ मध्ये निराळी कल्पना पुढे केली. त्याच वर्षी क्लाइन शाइडेग (२,०६१ मी.) या खिंडीपर्यंत दुसरी रेल्वे पोहोचली होती. तेथूनच विजेवर चालणारा दातेरी रुळांचा मार्ग आयगर व म्यूंख यांच्या पोटातून न्यावा आणि अखेरचा टप्पा उद्वाहकाने चढून माथा गाठावा, अशी ही योजना होती. इतक्या उंचीवर झपाट्याने नेल्यास प्रवाशांच्या प्रकृतीस अपाय होईल काय, हा प्रश्न तेव्हा गंभीर मानला गेला. त्यासाठी बर्नचे शरीरक्रियावैज्ञानिक हूगो क्रोनेकर यांनी १८९४ मध्ये काही व्यक्तींना त्सेरमाटजवळील ब्राइटहोर्न पर्वतावर वाहून नेऊन त्यांची तपासणी केली.

काम १८९६ मध्ये सुरू झाले. पूर्ण झालेला प्रत्येक टप्पा लगेच वाहतुकीस खुला करून त्याच्या उत्पन्नाचा पुढील कामास हातभार लावावा, असे धोरण होते. त्यानुसार आयगरग्लेचर (१८९८), आयगरवांट (१९०३) व आयस्मेअर (१९०५) ही स्थानके उघडली. बोगद्याचे काम मुख्यतः इटालियन मजुरांनी केले. १८९९ मधील एका स्फोटात सहा मजूर ठार झाले. संपूर्ण बांधकामात सु. ३० जणांनी प्राण गमावले. त्याच वर्षी गायर-त्सेलर यांचे निधन झाले. पुढे पैशाची चणचण भासू लागली, काम सोळा वर्षे लांबले आणि शिखरापर्यंतचा टप्पा सोडून देण्यात आला. १ ऑगस्ट १९१२ रोजी रेल्वे सुरू झाली, ती युंगफ्राऊ व म्यूंख यांच्यामधील युंगफ्राऊयोख या खिंडीपर्यंत. तेथील स्थानक ३,४५४ मी. उंचीवर असून ते यूरोपातील सर्वांत उंच रेल्वेस्थानक आहे. मार्गाची लांबी सु. ९.३ किमी. असून त्यापैकी सु. ७ किमी. बोगद्यात आहे.

वेधशाळेस साहाय्य करण्याची अट रेल्वेच्या परवान्यातच होती. खिंडीत १९३१ मध्ये संशोधन केंद्र व १९३७ मध्ये स्फिंक्स वेधशाळा उभी राहिली. हिमनद्या, वातावरण व विश्वकिरण यांच्या अभ्यासासाठी ती महत्त्वाची ठरली.

प्रवासी इंटरलाकेनहून लाउटरब्रूनेन अथवा ग्रिंडेलवाल्ट मार्गे येतात. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्टहून आयगरग्लेचरपर्यंत रज्जुमार्गाने सु. १५ मिनिटांत जाता येते. तेथून पुढे रेल्वेने जावे लागते. २०१५ मध्ये खिंडीला भेट देणाऱ्यांची वार्षिक संख्या प्रथमच दहा लाखांवर गेली. हा परिसर २००१ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

युंगफ्राऊ पाहून आलो असे म्हणणाऱ्या बहुतेक प्रवाशांचा प्रवास मात्र माथ्याच्या सु. ७०० मी. खालीच संपतो. पुढील वाट हिमनदीवरून रोट्टालझाटेल या खिंडीमार्गे जाते. दोर, बर्फकुऱ्हाड, बुटांना लावायचे लोखंडी काटे आणि जाणता वाटाड्या यांवाचून ती धोक्याची आहे. ज्या माथ्यासाठी रेल्वेची योजना आखली गेली, तो अशा रीतीने गिर्यारोहकांकडेच राहिला.