कपाटात गेलेलं कार्टून: 'द बूनडॉक्स' आणि भलत्या जागी येणारं हसू

मागच्या सेमिस्टरला एका रात्री होस्टेलच्या खोलीत मी तीन-चार मित्रांना 'द बूनडॉक्स' या अमेरिकन मालिकेचा एक एपिसोड दाखवला. वंशभेदावर उपहास करणारं, मोठ्यांसाठीचं कार्टून. माझ्या पीएचडीचा विषयच तो. सगळे पोट धरून हसले. म्हटलं चला, आपण काय करतो ते निदान यांना तरी कळलं. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये गेलो, तर आमच्या मजल्यावरच्या सगळ्यात सावळ्या मुलाला एकजण 'ए अंकल रकस' अशी हाक मारत होता.

हा अंकल रकस कोण ते सांगतो, म्हणजे घोळ लक्षात येईल. मालिकेतला हा म्हातारा स्वतः काळा आहे, पण काळ्या लोकांचा कमालीचा द्वेष करतो आणि गोऱ्यांचे गोडवे गातो. आपण मुळात गोरेच, उलट्या प्रकारच्या कोडामुळे काळे पडलो, असं तो छातीठोकपणे सांगतो. वंशद्वेष समाजात इतका मुरतो की ज्याच्यावर अन्याय होतो तोच अन्याय करणाऱ्याची भाषा बोलू लागतो, हे दाखवणारं ते पात्र. माझ्या मित्रांनी त्यातून काय उचललं? एक टोपणनाव.

म्हणून आजचा प्रश्न असा: उपहासातून येणारं हसू लेखकाच्या ताब्यात राहतं का? आणि राहत नसेल, तर अशा मालिकेचा इतिहास लिहायचा कसा?

थोडं मागे जाऊ. अमेरिकेत १९ व्या शतकात 'मिन्स्ट्रेल शो' नावाचा करमणुकीचा प्रकार फार लोकप्रिय होता. गोरे नट तोंडाला काळं फासून, ओठ मोठे रंगवून काळ्या माणसांची नक्कल करायचे. पुढे सिनेमा आला, कार्टून आलं आणि तीच नक्कल चित्रांत उतरली. वॉर्नर ब्रदर्सचं १९४३ चं 'कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वॉर्फ्स' हे हिमगौरीच्या गोष्टीचं विडंबन त्याचं ठळक उदाहरण. १९६८ मध्ये, या जुन्या चित्रपटांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या युनायटेड आर्टिस्ट्सने अशी अकरा कार्टून टीव्हीवर दाखवायची नाहीत असं ठरवलं. 'सेन्सॉर्ड इलेव्हन' या नावानं ती आजही ओळखली जातात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती.

आता या इतिहासाच्या दुसऱ्या टोकाला या. अ‍ॅरन मॅकग्रूडर हा मेरीलँड विद्यापीठात शिकणारा काळा तरुण. १९९६ मध्ये विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात त्याची 'द बूनडॉक्स' ही चित्रपट्टी सुरू झाली आणि १९९९ पासून ती देशभरच्या वर्तमानपत्रांत जाऊ लागली. गोष्ट साधी: शिकागोतले दोन लहान भाऊ, ह्यूई आणि रायली, आजोबांबरोबर गोऱ्या लोकांच्या एका श्रीमंत उपनगरात राहायला येतात. दहा वर्षांचा ह्यूई क्रांतीच्या गोष्टी करतो. त्याचं नाव ठेवलंय ह्यूई न्यूटनवरून. न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ मध्ये ऑकलंडला ब्लॅक पँथर पक्ष काढला. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी 'दलित पँथर' हे नाव घेतलं ते याच पक्षावरून. म्हणजे या कार्टूनमधल्या पोराचं नाव मराठी वाचकाला वाटतं तितकं लांबचं नाही.

चित्रपट्टी पहिल्यापासूनच अनेकांना झोंबायची. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ह्यूई एफबीआयला फोन करून दहशतवाद्यांना मदत करणाऱ्या अमेरिकनांची नावं देऊ लागतो, आणि त्यात रोनाल्ड रेगन यांचं नाव असतं. काही वर्तमानपत्रांनी तेव्हा ती पट्टी काही काळ छापलीच नाही.

नोव्हेंबर २००५ मध्ये मालिका 'अ‍ॅडल्ट स्विम' वाहिनीवर आली. त्याच वर्षी विनोदी नट डेव्ह शपेल आपला तुफान गाजलेला कार्यक्रम अर्ध्यावर सोडून निघून गेला होता. नंतर ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात त्यानं एक कारण सांगितलं: वंशावरच्या एका प्रहसनाचं शूटिंग चालू असताना सेटवरचा एक गोरा माणूस ज्या तऱ्हेनं हसला, ते त्याला खुपलं. आमच्या मेसमध्ये मी ऐकलं ते साधारण तसलंच हसू. 'द बूनडॉक्स' सुरू झाली ती अशा वातावरणात.

१५ जानेवारी २००६ ला, किंग यांच्या जन्मदिवशी, 'रिटर्न ऑफ द किंग' हा एपिसोड लागला. त्यात किंग १९६८ मध्ये मेलेलेच नसतात, कोमात असतात. २००० साली ते जागे होतात आणि शत्रूवरही प्रेम करा असं बोलले म्हणून देशद्रोही ठरतात. शेवटी ते आपल्याच लोकांना जाहीरपणे झापतात, तेही काळ्यांना दिली जाणारी ती कुप्रसिद्ध शिवी वापरून. अल शार्प्टन यांनी वाहिनीकडे माफीची मागणी केली. आणि याच एपिसोडला मानाचा पीबडी पुरस्कारही मिळाला. एकच चित्र, त्यावर संतापही आणि सन्मानही.

पुढे बघा. दुसऱ्या सीझनमधल्या दोन एपिसोडमध्ये बीईटी या काळ्या प्रेक्षकांसाठीच्या वाहिनीची यथेच्छ खिल्ली उडवलेली होती. ते अमेरिकेत टीव्हीवर लागलेच नाहीत, २००८ मध्ये थेट डीव्हीडीवर आले. २०१० चा 'द स्टोरी ऑफ जिमी रेबेल' हा एपिसोड एका वंशद्वेष्ट्या गायकाची आणि त्याच्या भक्त रकसची टर उडवतो. २०२० मध्ये समोर आलं की वाहिनीनं तो कायमचा काढून टाकलाय. म्हणजे काळ्यांची टवाळी करणारं १९४३ चं कार्टून आणि अशा टवाळीचीच टर उडवणारा २०१० चा एपिसोड, दोन्ही शेवटी एकाच कपाटात! कपाट बंद करणारा लेखकाचा हेतू बघत नाही. आपल्यावर काय शेकेल ते बघतो.

इथे माझा गाईडशी वाद झाला. मी प्रकरण लिहिलं होतं ते सगळं 'मॅकग्रूडरला काय म्हणायचं होतं' यावर. मॅडमनी समासात एवढंच लिहिलं: 'आणि लोकांनी काय ऐकलं?' तेव्हा राग आला होता. मेसमधल्या त्या हाकेनंतर मात्र मी अख्खं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. आता प्रत्येक एपिसोडला तीन प्रश्न विचारतो: हे कुठे आणि कोणासमोर लागलं? कोणी थांबवलं? आणि थांबवताना कारण काय दिलं? हेतूचा पुरावा लेखकाच्या मुलाखतीत मिळतो. पण समाज कशाला घाबरत होता, याचा पुरावा बरेचदा न दाखवलेल्या एपिसोडमध्येच असतो. म्हणून असे एपिसोड गायब होणं हे मला सेन्सॉरशिपपेक्षाही साधन नष्ट होण्याइतकं गंभीर वाटतं. डीव्हीडी होती म्हणून ते दोन एपिसोड मी पाहू शकलो. जे फक्त स्ट्रीमिंगवर आहे, ते उद्या काढलं तर पन्नास वर्षांनी अभ्यासणार कसं?

मग सगळं सगळ्यांना दाखवावं का? महिनाभरापूर्वी मी 'हो' म्हणालो असतो. आता म्हणतो, जपून ठेवावं आणि दाखवावंही, पण दाखवणाऱ्यानं आधी खोलीत कोण बसलंय ते बघावं. त्या रात्री मी मिन्स्ट्रेल शोबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. नुसता लॅपटॉप उघडला होता.

त्या मुलाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "अरे सोड, शाळेपासून कायकाय नावं ऐकलीत, हे त्यातलंच एक." मग थोडं थांबून म्हणाला, "पण तो एपिसोड मला दाखव ना. मी सोडून सगळ्यांनी बघितलाय."

रविवारी बघणार आहोत. या वेळी आधी अर्धा तास मी बोलणार आहे.