कुणपजल आणि जीवामृत : एक शब्दविचार

शेण व गोमूत्र आंबवून केलेल्या ‘जीवामृता’चे मूळ वृक्षायुर्वेदातील ‘कुणपजला’त दाखविण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. शब्दाचा पुरावा या तर्कास सर्वस्वी अनुकूल नाही. ‘कुणप’ म्हणजे प्रेत. अमरकोशात तो ‘शव’ या शब्दाचाच पर्याय आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त (सुमारे इ. स. १०००) वराह, मत्स्य, मेष आदींचे मांस, मेद व मज्जा शिजवून त्यांत तिळाची पेंड, मध, उडीद, दूध व तूप घालावयाचे आणि ते भांडे पंधरवडाभर उबदार जागी ठेवावयाचे, असा विधी आहे. वराहमिहिराने तर सहाव्या शतकात शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, तीळ, सातूचे पीठ आणि चक्क गोमांस पाण्यात सात रात्री मुरवावयास सांगितले! त्याच्या बृहत्संहितेत गोमय येते ते बियाण्यास व मुळांस लावण्यासाठी. ‘पंचगव्य’ हा शब्द पुरातन खरा. परंतु तो धर्मशास्त्राचा व वैद्यकाचा. पिकावरील त्याची फवारणी ही अलीकडची योजना होय.

सुभाष पाळेकर यांच्या जीवामृतात २०० लिटर पाण्यास १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन व मूठभर माती लागते. मांस गेले, मधाच्या जागी गूळ आणि उडदाच्या जागी हरभरा आला, असे फार तर म्हणता येईल. आंबविण्याची रीत सजातीय आहे, द्रव्ये नव्हेत. म्हणून ‘कुणपजल’ याचा अर्थ ‘गोमूत्राचे खत’ असा देणारी टिपणे आम्हांस ग्राह्य वाटत नाहीत.