हीटर थंड हवा फेकू लागतो तेव्हा

गोव्यातील मोटारीत हीटर हा सर्वांत उपेक्षित भाग असतो. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा क्वचितच सोळा अंशांखाली उतरतो. त्यामुळे तापमानाचे बटण वर्षानुवर्षे निळ्या टोकालाच विसावलेले असते. डिसेंबरच्या सुट्टीत तीच गाडी धुळे, सेंधवा ओलांडून शिंदे-पवारांच्या माळव्यात शिरते. धारच्या पुढे, सरदारपूर तालुक्यात, माही नदीच्या उगमाजवळच्या मोकळ्या माळावर हिवाळी रात्री पारा दहाच्या खाली जातो. बटण लाल टोकाकडे फिरवले जाते आणि झरोक्यातून थंडगार झोत येतो.

हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. पेट्रोल व डिझेलच्या गाड्यांत इंजिनभोवती फिरून तापलेले कूलंट डॅशबोर्डामागील एका लहान रेडिएटरमधून जाते. पंख्याची हवा त्यावरून वाहिली की ऊब मिळते. या साऱ्यात एसीच्या गॅसचा संबंध नाही. हीटर चालत नाही म्हणून गॅस भरून घेणे हा निव्वळ अपव्यय होय. थंड इंजिनाला तापण्यास काही मिनिटे लागतात, डिझेलला अधिक; तेवढा धीर धरूनच बिघाडाचा विचार करावा.

मग पाहायचा तो तापमानाचा काटा. काटा वर चढलेला आणि हवा मात्र थंड, हे लक्षण सर्वांत गंभीर आहे. कूलंट घटले की ते हीटरपर्यंत पोहोचेनासे होते. म्हणजे थंड हवा ही इंजिन जळण्यापूर्वीची सूचना ठरते. गाडी त्वरित बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना मुळीच उघडू नये. दाबाखालील उकळते द्रव उसळून चेहरा व हात भाजतात. इंजिन पूर्ण निवल्यावर पातळी पाहावी. ती फारच खालावली असेल, तर संवेदक द्रवाबाहेर राहून काटा खोटा दिलासाही देतो. म्हणून पातळी डोळ्यांनी पाहणे उत्तम. काटा नसलेल्या अनेक नव्या गाड्यांत केवळ निळा व लाल दिवा असतो, आणि लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. कूलंट पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर गळती शोधावी. नुसते भरत राहणे हा उपाय नव्हे.

गाडी उभी असता थंड आणि इंजिनाची गती वाढवताच कोमट हवा येत असेल, तर कूलंट कमी, आत हवा अडकलेली किंवा पाण्याचा पंप अशक्त, असे समजावे.

याच्या उलट प्रकार आपल्याकडे अधिक आढळतो. गावातील रहदारीत हवा गरम, मोकळ्या महामार्गावर पुन्हा थंड, आणि काटा सदैव खाली. येथे थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो, किंवा तो जागेवरच नसतो! गाडी तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी सवय काही मेकॅनिकांना आहे. उष्ण किनारपट्टीवर ते खपून जाते. पण इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन अधिक जाते आणि माळव्यात हीटर साथ सोडतो. गळका हीटर-रेडिएटर वगळून दोन्ही नळ्या परस्पर जोडून टाकण्याचा प्रकारही तसाच. जुनी गाडी घेताना दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात.

काटा मध्यावर, पातळी ठीक आणि तरी हवा थंड असेल, तर हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांचे तापमान ताडावे. इंजिन बंद करून, जपून. एक गरम व दुसरी थंड असेल तर रेडिएटर गंजाने वा गाळाने तुंबलेला असू शकतो. कूलंटऐवजी विहिरीचे वा नळाचे पाणी भरण्याचे हे फळ. दोन्ही गरम असतील तर दोष डॅशबोर्डातील झडपेचा. कधी तिची केबल निसटते, कधी तिला फिरवणारी छोटी मोटर बंद पडते. न वापरल्याने झडप ताठरतेही. म्हणून प्रवासाला निघण्याच्या आठवडाभर आधी घरीच हीटर चालवून पाहावा.

वाटेत दुरुस्ती शक्य नसेल तर काचेवरील बाष्प घालवण्यासाठी एसी चालू ठेवून झोत काचेकडे वळवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. गाडीतच रात्र काढावी लागली, तर पांघरुणे वाढवावीत. काचा बंद करून इंजिन चालू ठेवून झोपू नये, आणि शेगडी तर आत आणूच नये. कार्बन मोनॉक्साइडला गंध नसतो.