विचारदमन (सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारातील)

नकोसा विचार मनात येताच तो जाणूनबुजून दाबण्याची सवय. सीमावर्ती, म्हणजेच बॉर्डरलाइन, व्यक्तिमत्त्व विकारात ती विशेष आढळते आणि दुःख वाढवते असे मानले जाते.

पूर्वपीठिका : अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये ‘बॉर्डरलाइन’ रुग्णांचे वर्णन केले. डीएसएम-३ या अमेरिकी वर्गीकरणात १९८० मध्ये या निदानाला स्थान मिळाले.

विचारांची घडण : माणसे एकतर देवासारखी, नाहीतर दुष्ट, ‘मी वाईटच’, ‘मला सगळे सोडून जाणार’ अशी धारणा. मोबाइलवर निळ्या खुणा दिसूनही तासभर उत्तर आले नाही, की सकाळी जिवाभावाचा वाटलेला माणूस दुपारी वैरी ठरतो. संध्याकाळी सगळा दोष स्वतःवर येतो. घरच्यांना हे नाटक वाटते. वेदना मात्र खरी असते.

दमनाचा परिणाम : डॅनियल वेग्नर व सहकाऱ्यांचा १९८७ चा प्रयोग पायाभूत आहे. पांढऱ्या अस्वलाचा विचार पाच मिनिटे टाळायचा आणि तरीही आलाच तर घंटी वाजवायची, अशी सूचना होती. घंटी वाजत राहिली. नंतर अस्वलाचा विचार करायला सांगितल्यावर, आधी तो दाबणाऱ्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा अधिक वेळा आले. मात्र अस्वल आठवल्यास लाल फोक्सवॅगन मोटारीचा विचार करा, असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ही उसळी कमी दिसली. झॅकरी रोझेन्थल व सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात तीव्र नकारात्मक भावना आणि या विकाराची लक्षणे यांना जोडणारा दुवा म्हणून विचारदमन पुढे आले. दमन हे कारण की परिणाम, यावर एकमत नाही. तरीही ‘डोक्यातून काढून टाक’ हा मायेने दिलेला सल्ला अशा रुग्णाला उपयोगी पडत नाही, एवढे म्हणता येते.

उपचार : मार्शा लिनेहॅन यांच्या डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीत विचार न दाबता, त्यावर लगेच कृतीही न करता, तो येता-जाताना पाहायला शिकवतात. त्यांच्या १९९१ च्या चाचणीत या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाले.

औषधे : पूरक.

उपचाराची भाषा, सुरतेचे उदाहरण : शहरातील लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे राहतात, घरी अहिराणी-मराठी, बाहेर गुजराती-हिंदी. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी बोलण्यावरच उभी असल्याने रुग्णाला मन मोकळे करता येईल अशा भाषेतला समुपदेशक मिळणे महत्त्वाचे. टेली-मानस (१४४१६) ही शासकीय दूरध्वनी सेवा मराठी व गुजरातीतही मदत देते.